नंबर लागेपर्यंत

भोकरे बाई शाळेच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा माझी बायको वैजयंता कुंपणाच्या भिंतीवर ‘ज्ञ’ रंगवत होती. बाकीच्या बायका उभ्यानं रंगवत होत्या, ही पाट घेऊन बसली होती. कुणी विचारलं तर सांगायची, कंबर धरलीया.

“पहिलीतली एक जागा मोकळी होतेय,” बाई म्हणाल्या. “वडिलांची बदली झालीय सोलापूरला. पुढच्या आठवड्यात दाखला नेणार आहेत.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. अंगणातले सगळे हात थांबले होते. मी फाटकाशी सायकल धरून उभा होतो, वैजयंताला न्यायला आलेला. सगळ्यांनी आधी पद्मावहिनींकडं बघितलं, मग शहनाजकडं, मग वैजयंताकडं. प्रतीक्षा यादीत तोच क्रम होता. वैजयंतानं मात्र मान वर केली नाही. अक्षराची शेपटी नीट ओढून घेतली, ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाली, “वहिनी, साखरेवर भागवायचं न्हाई हां. पेढे पायजेत.”

पद्मावहिनी हसल्या आणि लगेच पदरानं डोळे पुसायला लागल्या. 

आमचं गाव मागांचं. गल्लोगल्ली मागांचा खडखडाट, इतका की गावातली माणसं घरातसुद्धा ओरडून बोलतात. मी एका कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग खोलून परत चालू करून देणारा. गावात इंग्रजी शाळांचे फलक कोपऱ्याकोपऱ्यावर लागले होते आणि नगरपालिकेच्या शाळा एकेक करून ओस पडत होत्या. त्यात ही अकरा नंबरची शाळा तेवढी वेगळी. भोकरे बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या तेव्हा तिच्या व्हरांड्यात शेळ्या बांधलेल्या असायच्या म्हणे. बाईंनी आधी शेळ्या हलवल्या, मग घरोघर जाऊन पोरं आणली. आता तिथली तिसरीतली पोरं कारखान्यात बापाचा डबा घेऊन आली की जेवण होईस्तोवर सगळ्यांना पेपर वाचून दाखवत. ते बघून आमच्यासारख्या मागवाल्यांच्या मनात एकच यायचं, आपलं पोरही त्या शाळेत पाहिजे.

पण प्रत्येक इयत्तेला एकच खोली. वरचा मजला धोकादायक म्हणून बंद. खोलीत मावतील तेवढी मुलं घ्यायची आणि बाकीच्यांची नावं आली त्या क्रमानं लिहून ठेवायची, असा बाईंचा नियम. नगरसेवकाची चिठ्ठी आणा, साहेबाचा फोन आणा, काही उपयोग नाही. गावात ओळखीनं न होणारी अशी ही एकच गोष्ट होती, आणि ज्यांचा नंबर लागत नव्हता त्यांनासुद्धा तिचा अभिमान होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की पालक कामाला यायचे. कुणी बाकं दुरुस्त करायचं, कुणी झाडांना आळी करायचं, कुणी रंग द्यायचं. यादीतले पालकही यायचे. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काम केलं म्हणून नंबर वर सरकणार नाही.” तरी यायचे. त्यातही आमची वैजयंता सगळ्यांच्या आधी. आमची प्रांजल तेव्हा लांबच्या दुसऱ्या एका शाळेत पहिलीत बसत होती. तिलाही घेऊन जायची. पोरं अंगणात खेळायची, बायका कामं करता करता बोलायच्या. मला वाटायचं, हिला वेडी आशा आहे, की बाईंच्या डोळ्यांसमोर राहिलं म्हणजे काही होईल.

तिची कंबर धरलेली नव्हती. श्रावणात मिरजेच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सगळं सांगितलं होतं. बाहेर कसं जायचं, तिला काय सांगायचं, ते जुळवत मी दाराशी उभा राहिलो. ती समोरच्या बाकावर बसली होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, “होळी तरी बघायला मिळंल का?”

मी औषधाच्या चिठ्ठीची घडी घालत राहिलो.

“बरं,” ती म्हणाली. “चला, एसटी चुकंल.”

वाटेत तिनं माझ्याकडून वचन घेतलं, की गावात कुणाला सांगायचं नाही. 

जागा मोकळी झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी वैजयंताला घरी सोडलं आणि सायकल परत शाळेकडं वळवली. भोकरे बाई कुलूप लावत होत्या.

“बाई, जरा बोलायचं होतं.”

“बोला ना, सुतार.”

मी सांगायला सुरुवात केली आणि मधेच पायरीवर बसलो. बाईंनी कुलूप परत काढलं, मला आत खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “वैजयंतानं नाव नोंदवलं त्याच दिवशी सांगितलंय मला. आणि कुणाला कळू द्यायचं नाही, असंही सांगितलंय.”

मला वाटलं होतं मी एकटा ते ओझं घेऊन फिरतोय.

“तिला एकदा बघू दे, बाई. पोरगी ह्या शाळेत जाताना एकदा बघू दे. तुमच्या हातात आहे.”

बाईंनी हातातलं कुलूप टेबलावर ठेवलं. कडक बाई म्हणून गावात प्रसिद्ध, पण आवाज हळू केला त्यांनी.

“माझ्या हातात नाही हो. क्रम एकदा मोडला की उद्या प्रत्येक जण आपलं दुःख घेऊन दारात उभा राहील, आणि कुणाचं खोटं नसेल. पुढच्या दोघींनी आपणहून जागा सोडली, तर मला काही म्हणायचं नाही. पण त्यांना मी सांगणार नाही.”

बाईंनी सांगितलं नाही. मी सांगितलं.

पद्मा मगदूम आमच्याच गल्लीतल्या, दोन दारं सोडून. त्यांची मुलगी सन्मती प्रांजलच्याच वयाची. मी सांगितलं तशा त्या उंबऱ्यातच बसल्या. “अवो, परवा माझ्यासंगं शेवया केल्या तिनं! बोलली न्हाई एका शब्दानं!” आणि मग आतल्या नवऱ्याला न विचारताच म्हणाल्या, “घ्या वो जागा. आमच्या सन्मतीचं काय, जाईल पुढच्या वर्षी. घ्या तुम्ही.”

शहनाजचं तसं नव्हतं. शहनाज मुल्लाणी तळ्याच्या बाजूला एका माडीवर राहायची. शिवणकाम करायची. तिच्या अरमानला कानानं कमी ऐकू यायचं. आधीच्या शाळेतले मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलायचे आणि पोरानं उत्तर दिलं नाही की मारायचे. भोकरे बाई पहिलीला स्वतः शिकवत, आणि प्रत्येक पोराच्या तोंडासमोर वाकून बोलत. त्या एका कारणासाठी शहनाज जूनपासून थांबली होती. मी सगळं बोलून होईपर्यंत तिचा पाय मशिनवरच होता, पण मशीन चालत नव्हतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “मला शनिवारपर्यंत वेळ द्या.”

तो आठवडा मला फार मोठा गेला. 

शनिवारी मी कामावरून लवकर सुटून शाळेत गेलो. भिंतीवर मुळाक्षरं पुरी झाली होती आणि आता बाया खाली फुलं काढत होत्या. भोकरे बाई बाहेर आल्या. पद्मावहिनींनी आधी हात वर केला, जणू वर्गातच बसल्या होत्या.

“बाई, आमची सन्मती थांबंल. आमची जागा पुढं द्या.”

शहनाज उठून उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. “आमचा अरमानबी थांबंल. वैजूच्या पोरीला घ्या.”

वैजयंतानं आधी त्या दोघींकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं. तिला कळलं मी काय केलंय ते. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान खाली बघेल. ती पाटावर हात टेकून सावकाश उठली. उठताना होणारी कळ तिनं त्या दिवशी लपवली नाही.

“न्हाई,” ती म्हणाली. “ज्याचा नंबर त्यालाच जागा. सन्मती जाऊ दे सोमवारी.”

“वैजू, अगं ऐक तर—”

“वहिनी, तुम्हाला पेढे चुकवायचेत काय?” ती हसून म्हणाली. मग बाईंकडं वळली. “बाई, आमचं नाव हाय तिथंच राहू दे. आम्ही थांबतो.”

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि नुसती मान हलवली.

घरी येईपर्यंत मी दम धरला. प्रांजल अंगणात खेळायला गेली तसा माझा बांध फुटला.

“का? दोघी पाया पडल्यागत विनवत होत्या. का नाही म्हणालीस?”

“त्यांच्या पोरांची जागा हाय ती.”

“त्यांनी दिली होती की! तुला बघायचं नाही पोरीला त्या शाळेत जाताना?”

“बघायचंय.”

“मग?”

ती भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर घाम आला होता. “मग काय. तुम्हाला आत्ता कळायचं न्हाई.”

“मला सगळं कळतं. ताठा आहे तुझा. कुणाचं घ्यायचं नाही म्हणून. पोरीपेक्षा ताठा मोठा झाला तुला.”

तिनं डोळे मिटले. “व्हय, असंल ताठा,” एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, “तेवढी उशी द्या पाठीला.”

मी उशी दिली. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गाठ बसली ती बसलीच. तिचं सगळं केलं मी. मिरजेला नेलं, आणलं, रात्री पाय चेपले. पण ती गाठ सुटली नाही, आणि तिनंही सोडवायचा प्रयत्न केला नाही.

सन्मती शाळेत जायला लागली. पद्मावहिनी पेढे घेऊन आल्या आणि वैजयंतानं त्यातला अर्धा खाल्ला. दिवाळीनंतर तिला शाळेपर्यंत जाणं होईना. तेव्हा शनिवार आमच्या घरी यायला लागला. शाळेसाठी कागदाचे तक्ते चिकटवायचे असोत, शेंगा फोडायच्या असोत, सगळ्या बाया काम घेऊन आमच्याच घरात जमायच्या. नुसत्या यादीतल्या नव्हे, ज्यांची पोरं आधीच आत होती त्यासुद्धा. पुढं पुढं शनिवारच कशाला, मधल्या वारीही कुणी ना कुणी बसलेली असायचीच. मी कामावरून आलो की दारात चपलांचा ढीग. आत वैजयंता अंथरुणावर, प्रांजल कुणाच्या तरी मांडीवर, आणि मी पाऊल टाकलं की बोलणं बंद.

मला राग यायचा. वाटायचं, आता थोडे दिवस राहिलेत, तेही ह्या बायकांना वाटून टाकतेय. माझ्याशी तर ती औषधापुरतंच बोलते.

एकदा मी म्हणालोसुद्धा, “जरा आराम कर की. रोज काय एवढं बोलायचं असतं?”

“लई असतं,” ती म्हणाली. “संपंना झालंय.”

होळीच्या आधी चार-पाच दिवस, दुपारी, ती गेली. पद्मावहिनी उशाशी होत्या. मी कारखान्यात मागाखाली होतो. निरोप घेऊन आलेला माणूस ओरडत होता आणि मागांच्या आवाजात मला ऐकूच येत नव्हतं. मी हात पुसत बाहेर आलो तेव्हा त्यानं ओरडणं थांबवलं, आणि मला न ऐकताच कळलं.

जूनमध्ये पहिलीतून दुसरीत गेलेली काही मुलं दुसऱ्या गावी गेली आणि त्या वर्गात जागा झाल्या. अरमानचा नंबर लागला, त्याच्या मागोमाग प्रांजलचा. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिला सायकलवरून घेऊन गेलो. फाटकाशी पद्मावहिनी होत्या, शहनाज होती, नगरपालिकेत सफाईला असलेली लता आवळे होती. सगळ्या नटूनथटून आल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या. प्रांजल माझं बोट सोडून त्यांच्यात गेली. भोकरे बाई तिच्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, “ये गं. तुझीच वाट बघत होते.” मी तिथं थांबलो नाही. थांबलो असतो तर सगळ्यांसमोर ओरडून विचारलं असतं, की हे चार महिने आधी झालं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

पुढची वर्षं कशी गेली ते मला नीट सांगता येत नाही. बाईमाणूस नसलेल्या घराची जातात तशी गेली. पण उपाशी कधी राहिलो नाही, हेही खरं. प्रांजलला एकदा ताप आला होता. मी घरातलं एक औषध काढून चमच्यात ओतत होतो, तोवर पद्मावहिनी धावत आल्या आणि माझा हातच धरला. “ते नको, त्यानं तिच्या अंगावर पित्त उठतं. दोन वर्षांची असताना उठलेलं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“वैजूनं सांगितलंय की.”

बायका बायकांत बोलतात, त्यातलंच असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढं प्रांजल सहावीत गेली, त्या उन्हाळ्यात लता आवळे एक जुनी लेडीज सायकल घेऊन दारात हजर. म्हणाली, “चल गं, शिकायची. भावजी, तुम्ही आत बसा. तुम्ही असला की मागनं धरताय.” सगळी सुट्टी तिनं पोरीला मैदानावर पळवलं. गुडघे फोडून घेतले पोरीनं, पण शिकली. मी आभार मानायला गेलो तर लता म्हणाली, “माझं कसलं, सांगितलेलं काम हाय.” कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. का विचारलं नाही, कुणास ठाऊक. तेव्हाही माझ्या मनात तीच गाठ होती, आणि वैजयंताचं नाव निघालं की मी विषय बदलायचो.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मागांना सुट्टी होती, गल्ली कधी नव्हे ती शांत होती. दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. प्रांजल न्हाणीघरात गेली ती बाहेरच येईना. मी दोनदा हाक मारली.

“पडलीस का गं?”

“नाही.”

“मग दार उघड.”

“नाही. तुम्ही जावा, पप्पा.”

तिचा आवाज रडवेला होता. मी घाबरलो. “पद्माकाकूंना बोलावू का?”

“नको. शहनाजमावशीला बोलवा.”

“अगं, ती तळ्याजवळ राहते, काकू इथं दारात—”

“शहनाजमावशीलाच बोलवा!”

मी फोन लावला. शहनाजनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “रडतीया काय?” रडतीय म्हणालो. “दाराशी उभं राहू नका. आलेच,” म्हणाली.

रिक्षानं आली. ओढणीखाली एक पिशवी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “भाऊ, तुम्ही जरा भाईर बसा.”

मी पायरीवर जाऊन बसलो. तोपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं. पोरगी तेरावं संपवत आली होती आणि मी एकदाही ह्या दिवसाचा विचार केला नव्हता. आतून पाण्याचा आवाज आला, मग दाराची कडी, मग शहनाजचं हळू आवाजातलं बोलणं. अरमानशी बोलून बोलून तिला सवय झाली होती, एकेक शब्द सुटा करून बोलायची. शब्द कळत नव्हते, पण घाई नव्हती त्यात. मधेच प्रांजल मोठ्यानं रडली. मी उठलो आणि परत बसलो. मग बऱ्याच वेळानं ती हसल्यासारखं वाटलं.

शहनाज बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“काही न्हाई, समदं ठीक हाय. घरात गूळ-खोबरं हाय न्हवं?”

“आहे. पण तुलाच का बोलावलं तिनं? पद्मावहिनी रोज वेणी घालतात तिची.”

शहनाज माझ्याकडं बघतच राहिली. “तुम्हाला खरंच काही ठाऊक न्हाई?”

मी मान हलवली.

“वैजूनं सांगून ठेवलं होतं पोरीला. मोठी झालीस आणि असं काही दिसलं तर घाबरायचं न्हाई, शहनाजमावशीला बोलवायचं. आणि मला सांगून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. माझ्याकडनं म्हणवून घेतलं होतं. चुकलं की परत पहिल्यापासनं.”

“तुलाच का?”

“म्हणायची, तू तोंडासमोर वाकून बोलतीस, पोराला कळंस्तोवर चिडत न्हाईस. म्हणून हे काम तुझं. दुखण्याखुपण्याचं पद्मावहिनींचं. धीट करायचं लताचं. लगीन ठरवताना पोराची चौकशी कुणी करायची, तेबी नेमून दिलंय. प्रत्येकीला काहीतरी.” ती थांबली. “आमच्यातल्या कुणाचा हात पोरावर उठतो, कोण चिडखोर, कोण शब्दाला पक्की, समदं बघून घेतलं होतं तिनं. शाळेत भिंती रंगवताना तेच करत होती ती. तुम्हाला वाटलं, शाळेसाठी येतीया?”

मी म्हणालो, “मग जागा का नाही घेतली? तुम्ही देत होता. मला वाटलं ताठा आहे तिचा.”

“ताठा?” शहनाज एकदम माझ्या समोर पायरीवरच बसली. “भाऊ, भीक मागत होती ती आमच्याकडं. तुम्ही कामावर गेला की रोज. पोरीला टाकू नका म्हणून. जागेचं ऐका. मी शाळेत जागा सोडली न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली माझ्या घरी. माडी चढून. जिन्यात दोनदा बसली. मी म्हणाले, अगं का न्हाई म्हणालीस, मी रातभर रडून मन घट्ट केलं होतं. तर म्हणाली, शहनाज, तू जागा दिलीस तर तुझं देणं संपलं. तुलाबी वाटंल, वैजूसाठी केलं की मी, पोराची जागा दिली. पद्मावहिनींनाबी वाटंल. मग सगळ्याजणी आपापल्या पोरांच्या मागं लागाल, आणि त्यात चूक न्हाई. पण मला तुम्ही मोकळ्या व्हायला नको हायसा.”

गल्लीत कुणीतरी रेडिओ लावला होता, तो बंद झाला.

“आणि?” मी विचारलं.

“आणि काय. आम्ही झालोच न्हाई मोकळ्या.”

ती रडत नव्हती. तिचं कधीच रडून झालं असावं. मला मात्र सहा वर्षांचं सगळं एकदम आठवलं. वैजयंताचे मिटलेले डोळे, पाठीला दिलेली ती उशी, दारातला चपलांचा ढीग आणि त्या ढिगाचा मला येणारा राग. तिला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता, कारण तिला पोरीसाठी एवढ्या सगळ्यांशी बोलायचं होतं. शहनाज उठून आत जायला लागली तेव्हा मी विचारलं, “माझ्यासाठी काय सांगून गेली? मला काय काम नेमलं होतं?”

तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. 

“तुम्हाला कशाला नेमंल?” ती म्हणाली. “तुम्ही हायसाच की.”

ती आत गेली. स्वयंपाकघरात डबे उघडल्याचे, खोबरं फोडल्याचे आवाज यायला लागले.

थोड्या वेळानं प्रांजल बाहेर आली. केस ओले, अंगात नवा पंजाबी ड्रेस, शहनाजनं शिवलेला. किती दिवस आधी शिवून ठेवला होता कोण जाणे. एरवी माझ्या खांद्याला खांदा लावून बसणारी पोरगी त्या दिवशी मधे थोडी जागा सोडून बसली. मीही सरकलो नाही.

“पप्पा,” ती म्हणाली, “आईनं मला हे सांगितलेलं तेव्हा मी तिच्या अंथरुणात होते. तिची गोधडी आठवते. खिडकीतलं ऊन आठवतं. काय बोलली तेपण सगळं आठवतं. पण आवाज आठवत नाही. मगाशी आत लई वेळ आठवून बघितला.” ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून समोर बघत होती. “तुम्हाला आठवतो?”

“आठवतो.”

“कसा होता?”

इतकी वर्षं मी तिच्याबद्दल घरात काही बोललो नव्हतो. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

“मोठा होता,” मी म्हणालो. “मागाच्या आवाजात वाढलेली, त्यामुळं साधं बोलली तरी शेजारी ऐकू जायचं. जरा घोगरा. हाक मारताना तुझं नाव असं ओढायची, की शेवटचा ‘ल’ कोपऱ्यापर्यंत जायचा. पण तुला झोपवताना...”

मी थांबलो. प्रांजल माझ्याकडं वळून बसली.

आत शहनाजनं हातातली भांडी हळूच खाली ठेवली.

“पण तुला झोपवताना,” मी परत सुरुवात केली, “इतक्या हळू बोलायची, की मला वाटायचं, ही कुणी दुसरीच बाई आहे.”